तळ्याकाठी सामान कोण राखणार?

मे महिना लागला, परीक्षेचे पेपर तपासून झाले, की आमच्या भालकीतल्या घरात दरवर्षी एकच विषय निघतो. 'यंदा हैदराबादला किती दिवस?' कोणी महाबळेश्वर म्हणत नाही, कोणी उटी म्हणत नाही. आपल्या बिदर जिल्ह्यातल्या माणसाला हैदराबाद हे परगाव वाटतच नाही. 1956 साली भाषावार प्रांत झाले, बिदर म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण नातीगोती काही कागदावर वाटून घेता आली नाहीत. कोणाची मावशी सुलतान बाजारात राहिली, कोणाचा चुलता सिकंदराबादेत. आमची आत्या काचीगुड्यात राहिली.

आत्या 1966 साली लग्न होऊन हैदराबादला गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. तिची मराठी ऐकण्यासारखी. क्रियापद मराठी, लाडाचे बोलणे दखनी. 'नक्को रे बाबा' हे तिचे पालुपद. आमच्या सौभाग्यवती गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुरगीच्या, माहेर अस्सल कन्नड. या दोघी भेटल्या की कन्नड, मराठी, दखनी आणि भाजीवालीपुरती तेलुगू अशी चार भाषांची खिचडी शिजते आणि दोघींनाही ती रुचते.

यंदाची खेप मात्र नेहमीसारखी नव्हती. काचीगुड्याचे घर विकायचे ठरले आहे. आत्येभाऊ पुण्याला नोकरीला. आत्याने एकटीने राहू नये हे सगळ्यांनाच पटले, तिलाही पटले. गणपतीनंतर ती पुण्याला जाणार. म्हणून सगळे जमलो होतो. मोठी माणसे सहा, मुले पाच. शेवटच्या उन्हाळ्याला काहीतरी खास करावे असे सर्वांच्या मनात होते आणि माझ्या तोंडून निघून गेले, "एक दिवस तळ्यावर जाऊ. पूर्वीसारखं!"

मी इतिहासाचा प्राध्यापक. सहल म्हटली की माझ्या हातात कागद-पेन्सिल येते. रात्री जेवणे झाल्यावर गच्चीवर सतरंजी टाकून सभा भरली. आत्या खाली भांडी आवरत होती.

पहिला प्रश्न, तळे कोणते? हैदराबादेत तळ्यांना तोटा नाही. तळ्याला आपण तळे म्हणतो, कन्नडमध्ये केरे, तेलुगूत चेरुवू, दखनीत तालाब. आणि मोठे असले की सगळेच सागर म्हणतात. मुलांचे मत हुसेनसागराला. नावेत बसून बुद्धाच्या मूर्तीपर्यंत जाता येते. हे तळे इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळातले, 1562-63 चे, म्हणजे चारमिनारच्याही आधीचे. मधली बुद्धमूर्ती एकाच दगडाची. 1990 साली ती तराफ्यावरून नेताना अपघात झाला, माणसे गेली आणि मूर्ती तळाशी जाऊन बसली. 1992 साली ती वर काढून जागेवर उभी केली. मी एवढे सांगेपर्यंत माझ्या लेकीने जांभई दिली. दुसऱ्या भाच्याला दुर्गम चेरुवू हवे होते, कारण तिथे 2020 साली झालेला तारांचा पूल रात्री रंगीत दिव्यांनी उजळतो. शामीरपेटचेही नाव निघाले. पण आत्येभाऊ म्हणाला, "आपलं तळं एकच. गंडीपेट." आणि मतदान संपले.

गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर. आमच्या लहानपणी मेहदीपट्टणमकडून बसने जायचो. डबे, सुरई, सतरंज्या, एक ट्रान्झिस्टर आणि वीस माणसे. मुलांना मी म्हटले, नुसते पाणी पाहायला जाऊ नका, ते तिथे का आहे हेही ऐका.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे गेली. अफझलगंजजवळ उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्या दिवशी सुमारे दीडशे माणसे त्या झाडावर चढून वाचली असे सांगतात. तेव्हाचे निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीला साडी-बांगड्या-कुंकू वाहून तिची मनधरणी केली, अशीही आठवण सांगितली जाते. पुढे 1909 साली संस्थानाने पुरावर उपाय सुचवायला एका इंजिनिअरला बोलावले. ते म्हणजे एम. विश्वेश्वरय्या. घराण्याचे मूळ आंध्रातल्या मोक्षगुंडमचे, जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा, इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याचे, नोकरी मुंबई इलाख्याची. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले तेही त्यांनीच. म्हणजे तेलुगू, कन्नड आणि मराठी तिघांनीही 'आमचे' म्हणावे असा माणूस. आमच्यासारख्या घरांना तर फारच सोयीचा! त्यांनी सुचवले की शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवा, म्हणजे पूर आवरेल आणि प्यायलाही होईल. त्यातून मुसीवर 1920 साली उस्मानसागर आणि ईसी नदीवर 1927 साली हिमायतसागर पुरा झाला. एकाला सातव्या निजामाचे नाव, दुसऱ्याला त्यांच्या मुलाचे.

"मग हैदराबादवाले हेच पाणी पितात?" लेकीने विचारले. जांभई थांबली होती. म्हटले, काही हे, काही कृष्णा-गोदावरीचे, आणि 1965 पासून मांजराचेही. मांजरा म्हणजे आपलीच. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगवते, लातूरवरून आपल्या भालकी-बिदरकडे येते आणि मग तेलंगणात शिरते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच उन्हाळ्यात गंडीपेटचाही तळ उघडा पडला होता. नदीला राज्य कळत नाही, दुष्काळालाही कळत नाही.

इथवर माझा तास उत्तम चालला होता. मग कामाची यादी सुरू झाली.

वेळ. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. तळ्याकाठी वारा असतो म्हणून ऊन कळत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. म्हणून सकाळी साडेपाचला घर सोडायचे, साडेअकराच्या आत सावली गाठायची, बारा ते चार उन्हात फिरायचे नाही.

जेवण. या खात्याच्या मंत्री सौभाग्यवती. बटाट्याची भाजी नको, उन्हाने आंबते. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. चिंचेचा भात, त्याला त्या 'हुळी अन्ना' म्हणतात आणि आत्याच्या शेजारणी 'पुलिहोरा'. दहीभात करायचा तर दह्याचा करायचा नाही; भात दुधात कालवून वर चमचाभर दही घालायचे, दुपारी डबा उघडेपर्यंत तो बरोबर विरजतो आणि आंबट होत नाही. ताक वेगळ्या बाटलीत. माणशी तीन लिटर पाणी, लिंबू, मीठ, साखर.

पाण्याचा नियम. इथे पंधरा वर्षांच्या भाच्याशी माझी जुंपली. त्याने पोहण्याचा क्लास केला आहे. "मामा, मला पोहता येतं!" म्हटले, तुला तलावात नाही, टाकीत पोहता येते. टाकीचा तळ सपाट, पाणी निवळ, कडेला शिक्षक. धरणाच्या तळाशी कुठे खड्डा, कुठे गाळ, कुठे झुडूप, हे काठावरून दिसत नाही. बांधाच्या दगडांवर शेवाळ असते. दरवर्षी वर्तमानपत्रात ज्या बातम्या येतात त्यांतली बरीच मुले पोहता येणारीच असतात. शिवाय ते लोकांचे पिण्याचे पाणी आहे. तिथे उतरायचे नाही, पायसुद्धा बुडवायचे नाहीत. तो फुरंगटून गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. मला वाईट वाटले, पण नियम राहिला.

परतताना चिलकूरच्या बालाजीला जायचे. देवळात हुंडी नाही, म्हणून आत्येभावाला ते फार आवडते. परदेशी शिकायला जाणारी मुले तिथे अकरा प्रदक्षिणा घालतात आणि व्हिसा मिळाला की एकशे आठ घालायला येतात.

कागद भरला. दोन गाड्या, अकरा माणसे. कोणत्या गाडीत कोण, तेही लिहून झाले. मी अभिमानाने वाचून दाखवले. सगळे 'छान छान' म्हणाले. सौभाग्यवतींनी कागद हातात घेतला, नावे मोजली आणि कन्नडमध्ये, म्हणजे त्या रागावल्या की ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत, शांतपणे विचारले, "आत्या अवरन्न यारादरू केळिदिरेनु?"

आत्यांना कोणी विचारलं का?

अकरा नावांत आत्याचे नाव होते की नाही? होते. 'मोठी माणसे सहा' यात ती धरलेली होती. पण गाडीत तिला मी मागच्या सीटवर तिघांत बसवले होते, दुखऱ्या गुडघ्यासकट. आणि चिंचेचा भात, दशम्या यांच्यापुढे 'आत्या' असे लिहिले होते. तिच्या हातचा चिंचेचा भात सगळ्यांना आवडतो म्हणून! जिच्यासाठी सहल, तिच्याच नावावर पहाटेचा स्वयंपाक.

मी खाली गेलो. आत्या ओट्यावरून हात फिरवत होती. म्हटले, "आत्या, रविवारी गंडीपेटला जातोय. तू येतेस ना?"

"नक्को रे बाबा. तुम्ही जा. मी डबे करून देते."

"का ग? तुला नाही आवडत?"

ती हसली. म्हणाली, "आवडायला मी गंडीपेट पाहिलंय कुठं?"

मला वाटले, तिचा विसर वाढला. माझ्याच लहानपणी निदान सात-आठ वेळा आम्ही तिच्याबरोबर गेलो होतो. तसे म्हणालोही. तेव्हा ती जे बोलली ते मी इथे जसेच्या तसे लिहितो आहे.

"गेले ना. पंधरा वेळा तरी गेले असेन. तीनला उठून वीस माणसांच्या पुऱ्या लाटायच्या. तिथं गेल्यावर तुम्ही पोरं पळायचात बांधावर, तुझे काका आणि मंडळी पत्ते घेऊन बसायची. सामानापाशी कोणीतरी बसायला पाहिजे ना? माकडं होती, कुत्री होती. मी झाडाखाली बसायचे. झाडाखालून पाणी दिसत नव्हतं, बांधाची भिंत दिसायची. तुम्ही ओले होऊन यायचात तेव्हा वाढायचं. मग आवरायचं. मग बस."

मी काहीच बोलू शकलो नाही. माझ्या आठवणीतले गंडीपेट म्हणजे वारा, निळे पाणी आणि गरम पुऱ्या. पुऱ्या गरम कशा राहायच्या, हा प्रश्न मला पन्नाशीकडे झुकेपर्यंत पडला नव्हता.

"आणि दुसरं सांगू का," ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिथं जायची सोय नसायची. म्हणून मी पहाटेपासून पाणी प्यायचेच नाही. घरी येऊन प्यायचे. एकदा चक्कर आली होती बसमध्ये. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं."

वाचकहो, माझ्या यादीत माणशी तीन लिटर पाणी होते. ते पिणाऱ्या माणसाने, त्यातून बाईमाणसाने, त्यातून ऐंशीच्या म्हातारीने पुढे काय करायचे, याची ओळ यादीत नव्हती. आपल्या घरातल्या किती आया, आज्या, अत्त्या सहलीच्या दिवशी 'मला तहानच नाही' म्हणतात ते आठवून पाहा. ती तहान नसते असे नाही. उन्हाळ्यात ही गोष्ट साधी नाही. म्हातारपणी शरीरातले पाणी लवकर कमी होते आणि तहानेची जाणीव मुळातच मंद झालेली असते.

मी कागद घेऊन परत वर गेलो. सभा पुन्हा भरली, आणि या वेळी आत्याला हाताला धरून गच्चीवर आणले. तिला मधल्या खुर्चीवर बसवले. मुलांनी गोष्ट मागितली. तिने श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी सांगितली. राजाने तळे बांधले, पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा मुलगा बळी मागितला. सौभाग्यवती म्हणाल्या, आमच्याकडेही आहे की! 'केरेगे हार' म्हणून कन्नड लोकगीत आहे, त्यात तर धाकटी सून भागीरथी हिलाच तळ्याला देतात तेव्हा पाणी येते. दोन्ही भाषांच्या बायकांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या म्हटली. माझी लेक म्हणाली, "दरवेळी सूनच का?" कोणाकडेच उत्तर नव्हते. थोड्या वेळाने आत्याच म्हणाली, "घरात नवीन तीच असते ना. नाही कसं म्हणायचं ते तिला माहीत नसतं."

नंतर नवी यादी झाली. ती अशी.

पहिली ओळ : स्वच्छतागृह कुठे आहे. गंडीपेटला 2022 साली तळ्याच्या शेजारी नवे उद्यान झाले आहे. आत्येभावाने आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहून यायचे. स्वच्छतागृह उघडे आहे का, पायऱ्या किती, बसायला पाठ असलेले बाक आहे का, आणि त्या बाकावरून पाणी दिसते का. दुसरी ओळ : आत्या पुढच्या सीटवर. तिसरी ओळ : चिंचेचा भात मी करणार, आत्याने फक्त बसून सांगायचे. चौथी ओळ : सामान राखायला पाळी. अर्ध्या-अर्ध्या तासाची, पुरुषांपासून सुरुवात. फुरंगटलेला भाचा आपणहून म्हणाला, "पहिली पाळी माझी." पाचवी ओळ : थांबायचे किती, ते आत्या ठरवणार. चिलकूर तिला जमले तर.

रविवारी गेलो. भात थोडा खारट झाला होता, तेवढे माझ्या खाती लिहा. सहाच्या सुमारास पोचलो. ऊन अजून कोवळे होते. मे महिन्याचे पाणी खूप मागे गेलेले, काठाशी भेगाळलेला गाळ, त्यापलीकडे पाणी आणि त्यात दोन-चार बगळे. मी मनात खट्टू झालो. म्हटले, शेवटचे दाखवायचे तर भरलेले तळे दाखवायला हवे होते. ऑगस्ट-सप्टेंबरात आणायला हवे होते.

आत्या बाकावर बसली. हात कपाळाशी धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "केवढं आहे रे हे!"

तिने दोन वेळा पाणी मागून प्यायले. मी मोजले. भाचा सामानापाशी बसून होता, पाळी संपली तरी उठला नाही. सौभाग्यवती आणि आत्या काठाने पन्नास पावले चालून आल्या. कन्नडमध्ये काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. मुलांना मी सांगत होतो की या तळ्यांभोवती दहा किलोमीटरच्या टापूत बांधकामाला 1996 च्या आदेशाने बंदी घातली होती आणि 2022 साली सरकारने ती उठवण्याचा आदेश काढला. तेव्हा तळ्यात येणारे ओढे मोकळे राहतात की नाही यावर तुमच्या नातवंडांचे गंडीपेट अवलंबून आहे. त्यांनी ऐकले की नाही, कोण जाणे. सव्वानऊला आत्या म्हणाली, "चला आता." चिलकूर राहून गेले. बालाजी समजून घेईल.

परतीच्या वाटेवर गाडीत ती मला म्हणाली, "पुण्याला आहे का रे असं काही?" म्हटले, "आहे की. खडकवासला. आपल्या विश्वेश्वरय्यांचे दरवाजे तिथलेच."

"मग तिथं डबे कोण करणार ते आधी ठरव," ती म्हणाली.

या उन्हाळ्यात तुम्हीही कुठे कुठे जाल. कोणी नळदुर्गाला, कोणी अलमट्टीला, कोणी गावच्या केरेवर. यादी करायला बसाल तेव्हा आधी स्वयंपाकघरात जा आणि जी माणसे 'तुम्ही जा' म्हणतील त्यांना एकदा 'का?' म्हणून विचारा. मराठीत विचारा नाही तर कन्नडमध्ये, पण उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.